नकाशातला निर्णय गवंड्याच्या हातापर्यंत: गोव्यात घर बांधताना आर्किटेक्ट आणि कंत्राटदार यांचं बोलणं कसं जुळवावं

फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही घर बांधायला काढा, नकाशा येतो इंग्रजीत आणि मापं मिलिमीटरमध्ये. कंत्राटदार तुमच्याशी कोकणीत नाहीतर मराठीत बोलतो. त्याचे गवंडी बऱ्याचदा कर्नाटकातले, सेंट्रिंगवाले (काँक्रीटचे साचे उभारणारे) आणि सळ्या बांधणारे त्याहून लांबचे, आणि सगळ्यांना जोडते ती साइटवरची हिंदी. आर्किटेक्टच्या टेबलावरची रेघ भिंत होईपर्यंत चार-पाच तोंडांतून जाते. साइट सांभाळणं हा माझा धंदा असल्यामुळे मालक, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार यांची भांडणं जवळून बघायला मिळतात. त्यातली थोडी वाईट कामावरून होतात. बाकीची होतात ती निर्णय वाटेत हरवल्यामुळे. आर्किटेक्ट म्हणतो मी सांगितलं होतं, कंत्राटदार म्हणतो मला कुणी बोललं नाही, आणि बरेचदा दोघंही खरं बोलत असतात.

नकाशात जे नाही ते शेवटी गवंडी ठरवतो. माल कालवलेला असतो, हाताखाली माणसं उभी असतात, तो कुणाच्या फोनची वाट बघत बसू शकत नाही. ती वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून काय करायचं, ते कामाच्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कुणाचा शब्द कुठे शेवटचा

काम सुरू होण्याआधी एका कागदावर चौघांची नावं आणि कामं लिहा: आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार, आणि साइटवर रोज उभा राहणारा माणूस. हा चौथा माणूस बहुतेक घरांच्या बाबतीत नेमलेलाच नसतो. ‘आर्किटेक्टला फी दिली म्हणजे देखरेख आलीच’ असा मालकाचा समज असतो. आर्किटेक्टच्या फीमध्ये ठरावीक टप्प्यांवरच्या भेटी असतात. रोजची देखरेख हे वेगळं काम आहे आणि आर्किटेक्चर परिषदेच्या नेमणुकीच्या अटींतही ते वेगळंच धरलेलं आहे. तुम्ही दुबईत नोकरीला असाल आणि घर इकडे गोव्यात, साखळी शहरात चढत असेल, तर सुपरवायझरचा पगार वाचवू नका.

त्याच कागदावर मतभेदाचं उत्तरही लिहून ठेवा. सळी, काँक्रीट, पाया, टेकू यांबाबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शब्द शेवटचा. दिसणं, मापं, रंग, उंची यांत आर्किटेक्टचा. काम कुठल्या पद्धतीने आणि किती माणसं लावून करायचं, हे कंत्राटदाराचं. पैसा आणि मुदत तुमची. हे चार ओळींत मावतं, पण स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी बीमच्या खोलीवरून वाद निघाला की हाच कागद कामाला येतो.

दुसरी पायरी: मंजुरीचा नकाशा वेगळा, कामाचा वेगळा

आपल्याकडे घराच्या कागदांची वाट ठरलेली आहे. जमिनीची सनद (जमीन घरासाठी वापरायची परवानगी), नगर नियोजन खात्याची म्हणजे टीसीपीची तांत्रिक मंजुरी, मग पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला व ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायची परवानगी. त्यासाठी जो नकाशा काढतात त्यात हद्दीपासूनची अंतरं, क्षेत्रफळ, उंची, रस्त्याची रुंदी, सेप्टिक टँक अशा गोष्टी असतात. २०१०च्या गोवा बांधकाम नियमनाप्रमाणे त्या दाखवाव्या लागतात. त्यात वायरिंग नसतं, दाराची चौकट नसते, बाथरूमच्या टाइल्स कुठून सुरू होतात ते नसतं.

तरीही कितीतरी घरं याच नकाशावर बांधली जातात. परवाना हातात आला की मालक त्याची झेरॉक्स कंत्राटदाराला देतो, कंत्राटदार पाया आखतो, आणि आर्किटेक्ट तिकडे कामाचे नकाशे अजून काढतच असतो. परवाना मिळालेल्या दिवशीच आर्किटेक्टला विचारा: आखणीचा नकाशा कधी, पायाचा कधी, प्लिंथच्या (जोत्याच्या) वरचा कधी? तारखा घ्या. सगळे नकाशे एकदम मिळणार नाहीत, तशी अपेक्षाही नको. पण ज्या कामाचा नकाशा हातात नाही, ते काम सुरू होणार नाही, हे कंत्राटदाराला आधीच माहीत असलं पाहिजे.

उलट बाजूही तेवढीच महागात पडते. बल्काव (घरापुढची बसायची ओसरी) दीड मीटर पुढे घेऊ या, मागे एक धुण्याची खोली काढू या, असं साइटवर उभ्या उभ्या ठरतं. कंत्राटदाराला ते करायला काहीच अडचण नसते. पण हद्दीपासूनचं अंतर त्यात कमी झालं की शेवटी दाखल्यासाठी मोजणीला माणूस येतो तेव्हा प्रकरण अडकतं. बाहेरची भिंत, छप्पर किंवा उंची हलवणारा कुठलाही बदल आधी आर्किटेक्टकडे जायला हवा. सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा का, हे त्यालाच ठरवू द्या.

तिसरी पायरी: नकाशे पक्के होण्याआधी कंत्राटदाराला बसवा

निविदा मागवून मगच कंत्राटदाराशी बोलायचं, ही मोठ्या कामांची रीत झाली. घराच्या कामात दोन-तीन कंत्राटदारांना कच्चा नकाशा दाखवून एकच प्रश्न विचारावा: यातलं काय करताना त्रास होईल? चिरा (भिंतीचा जांभा दगड) आता कुठल्या खाणीतून येतोय, त्याची जाडी किती भरते, लांब गाळ्यासाठी (दोन आधारांमधल्या अंतरासाठी) टेकू कुठे उभे राहणार, डोंगराच्या बाजूला पाणी कसं वळवायचं, हे त्यांना आर्किटेक्टपेक्षा जास्त माहीत असतं. चांगला आर्किटेक्ट हे ऐकून घेतो आणि लिहून काढतो. ऐकून घेणारच नाही असा भेटला, तर पुढच्या वर्षभराचा अंदाज तिथेच आला समजा.

दर ‘चौरस मीटरला इतके’ असा ठरत असेल तर दुप्पट सावध राहा. या दरात बल्काव पूर्ण धरला की अर्धा? छज्जे? कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सोकपिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा)? खिडकीचं लाकूड कुठलं, टाइलचा दर किती धरला, रंगाचे हात किती? दराच्या आकड्यापेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांची यादी महत्त्वाची. ती आर्किटेक्टने लिहावी, कंत्राटदाराने पानापानावर सही करावी.

चौथी पायरी: मापांचा घोळ आधीच मिटवा

नकाशावर ३००० लिहिलं आहे. म्हणजे ३ मीटर, म्हणजे ९ फूट १० इंच आणि वर किंचित. गवंड्याला कुणीतरी सांगतं, ‘दहा फूट धर.’ खोली ४८ मिलिमीटरने मोठी झाली. एका खोलीत चालून जाईल. पण ओळीने तीन खोल्या अशाच धरल्या की जवळजवळ सहा इंच इकडचे तिकडे होतात, आणि ते शेवटी जिन्यातून किंवा पॅसेजमधून कापले जातात. गवंडी इंच आणि सुतात काम करतो, एका इंचात आठ सूत, म्हणजे सूत साधारण ३ मिलिमीटरचं. त्याला मिलिमीटर शिकवत बसण्यापेक्षा आर्किटेक्टकडून महत्त्वाच्या मापांचं एक पान दोन्ही मापांत मागून घ्या: खोल्यांची आतली मापं, दारं-खिडक्या, सिल (खिडकीची खालची कड) आणि लिंटेलची (दार-खिडकीवरच्या तुळईची) उंची, जिना. ते पान जाड प्लॅस्टिकमध्ये घालून सिमेंटच्या खोलीत टांगा. आणि नकाशावर पट्टी ठेवून माप काढायचं नाही, आकडा लिहिलेला असेल तोच घ्यायचा, हे पहिल्याच दिवशी सांगा. झेरॉक्समध्ये कागद लहानमोठा होतो.

दुसरा घोळ असा की माप कुठून कुठपर्यंत? बाथरूम १२०० रुंद दाखवलंय. ते चिऱ्यापासून चिऱ्यापर्यंत की टाइलपासून टाइलपर्यंत? दोन्ही बाजूंचं प्लास्टर आणि टाइल मिळून चार-पाच सेंटिमीटर जातात. काचेचं पार्टिशन आधीच सांगितलेलं असेल तर ते बसत नाही. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ हवी: मापं कच्च्या भिंतीची आहेत की तयार भिंतीची.

जिन्यात हाच घोळ पायाला कळतो. समजा काँक्रीटच्या पायऱ्या १५० मिलिमीटरच्या सारख्या उंचीच्या ओतल्या. पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि खालचा माल मिळून ४० मिलिमीटर चढणार आहे, आणि दोन्ही मजल्यांच्या जमिनीवर ७०. तयार झाल्यावर पहिली पायरी १२० ची होते आणि शेवटची १८० ची. मधल्या सगळ्या १५० च्याच. चढताना शेवटच्या पायरीला हमखास ठेच लागते, आणि दोष सेंट्रिंगवाल्यावर जातो. खरं तर त्याला कुणी फरशीची जाडी सांगितलीच नव्हती, कारण फरशी अजून ठरलीच नव्हती. म्हणून जिन्याचं सेंट्रिंग लागण्याआधी फरशीची जाडी ठरलेली पाहिजे. रंग नंतर ठरवा, जाडी आत्ता.

पातळीचंही तसंच. शून्य कुठे धरलं? आर्किटेक्टने रस्त्यापासून धरलेलं असतं, कंत्राटदार मातीच्या उंचवट्यावरून मोजतो, आणि आपल्याकडे प्लॉट क्वचितच सपाट. बावीच्या कठड्यावर किंवा जुन्या कंपाउंडच्या खांबावर, म्हणजे जे हलणार नाही अशा जागी लाल रंगाने एक खूण करा. प्लिंथ त्या खुणेपासून किती वर, हे दोघांनी मिळून मोजून वहीत लिहा.

पाचवी पायरी: नकाशाचा कुठला अवतार चालू आहे

घराच्या कामात स्वयंपाकघराचा नकाशा चार वेळा बदलणं काही विशेष नाही. अडचण होते ती चारही प्रती साइटवर फिरत राहिल्यामुळे: एक कंत्राटदाराच्या फोनमध्ये, एक वायरमनच्या खिशात, एक भिंतीवर चिकटवलेली. प्रत्येक नकाशाला क्रमांक, रिव्हिजनचा आकडा आणि तारीख हवी, आणि नेमकं काय बदललं त्याभोवती ढगासारखी रेघ काढलेली हवी. नवा नकाशा आला की सुपरवायझरने जुना परत घ्यायचा आणि त्यावर मोठी फुली मारायची. फाडू नका, पुढे बिलाच्या वेळी लागतो.

कामाची एक छापील प्रत साइटवर असायलाच हवी, मोठ्या कागदावर. उन्हात फोनच्या पडद्यावर बोटांनी नकाशा मोठा करून बघणारा फिटर बाजूच्याच कॉलमची सळी मोजतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप ठेवा, पण फोटो दाखवायला आणि प्रश्न विचारायला. तिथे अंगठा दाखवला म्हणजे मंजुरी झाली, असं कुणीच धरू नये. शुभ सकाळ, वाळूच्या ट्रकचा नंबर आणि वाढदिवसाचे केक यांच्यामध्ये ‘खिडकी तीन इंच वर घ्या’ हा निरोप सापडत नाही.

सहावी पायरी: आठवड्याची बैठक आणि सूचना वही

आठवड्यातला एक दिवस आणि वेळ पक्की करा. आर्किटेक्ट दर आठवड्याला येणार नसेल, तर त्याने पंधरा दिवसांनी यावं आणि मधल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर साइट बघावी. बैठक ऑफिसात नको, जिथे काम चालू आहे तिथेच उभं राहून घ्या आणि मुख्य गवंड्याला बोलवा. तो गप्प उभा राहील, पण मध्येच विचारेल, ‘साब, ये दरवाजा अंदर खुलेगा या बाहर?’ त्या एका प्रश्नाने वायरमनचा स्विचबोर्ड दाराच्या मागे जायचा वाचतो.

कार्बन लावून तीन प्रती निघतील अशी वही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. बैठकीतला प्रत्येक निर्णय त्यात, तिथल्या तिथे. नमुना असा:

‘स्वयंपाकघर, पूर्वेची खिडकी. सिल ९०० ऐवजी १०५०, ओट्याच्या वर टाइलची पट्टी हवी म्हणून. लिंटेल तीच. नकाशा ए-०७ रिव्हिजन ३ शुक्रवारी येईल, तोवर या भिंतीला चिरा लावायचा नाही. जादा खर्च नाही. आर्किटेक्ट, कंत्राटदार, मालक: सह्या.’

जागा, काय बदललं, का बदललं, नवा कागद कधी, तोवर काय थांबवायचं, पैसे. एवढ्या गोष्टी आल्या की नोंद पूर्ण झाली. ‘का’ लिहायला लोक कंटाळतात, पण सहा महिन्यांनी तोच उपयोगी पडतो, कारण कारण कळलं की कंत्राटदार दुसऱ्या खिडकीच्या वेळी स्वतःहून विचारतो.

कंत्राटदाराचा प्रश्नही वहीतच यावा आणि आर्किटेक्टने किती दिवसांत उत्तर द्यायचं हे करारात असावं. तीन दिवस पुरतात. उत्तर आलं नाही आणि काम थांबलं तर ते दिवस मुदतीत वाढवून द्यायचे. ते कंत्राटदाराच्या माथी मारणं बरोबर नाही.

आता मालकांविषयी. रविवारी घरची मंडळी साइट बघायला येतात. मामा म्हणतात देवघर ईशान्येला सरकव, वहिनी म्हणते कपाट इथे नको, आणि तिथे असलेल्या गवंड्याला सांगून मंडळी जेवायला निघून जातात. गवंडी मालकाचं ऐकतो, का ऐकू नये? सोमवारी भिंत उभी. तुमच्या घरात तुमचं मत चालणारच, पण ते वहीतून आणि आर्किटेक्टमार्फत चालवा. गवंड्याशी बोलायचंच असेल तर चहापाण्याचं बोला.

सातवी पायरी: स्लॅब ओतण्याआधी सगळे थांबा

काँक्रीट पडलं की बोलणं संपलं. म्हणून पाया, प्लिंथ बीम आणि प्रत्येक स्लॅब यांच्या आधी इंजिनिअरने येऊन सही केल्याशिवाय ओतायचं नाही, हे करारातच घाला. मिक्सर आणि माणसं बोलावण्याआधी किमान दोन दिवस त्याला कळवा. आदल्या रात्री फोन केला तर तो येणार नाही आणि तुम्ही ओतून मोकळे व्हाल.

त्या दिवशी काय बघायचं? सळी इंजिनिअर बघेल. तुम्ही कव्हर ब्लॉक, म्हणजे सळी साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, हातात घेऊन बघा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे मध्यम वातावरणात सळीवर ३० मिलिमीटर काँक्रीट हवं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेला उघडं असेल तिथे ४५, शिवाय काँक्रीट किमान एम-३० दर्जाचं. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावरचं घर आणि वाळपईचं घर यांचे नकाशे म्हणूनच वेगळे. पण साइटवर येणारे ब्लॉक बहुधा दुकानात होते ते. नकाशात ४५ आणि हातात २०, हा फरक त्या सकाळी कुणी पाहिला नाही तर काही वर्षांनी गंजून फुगलेली सळीच तो दाखवते.

मग न दिसणाऱ्या गोष्टी. बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, पाइपांसाठी ठेवायच्या जागा, पंख्याचे बॉक्स, वायरिंगच्या नळ्या, पागोळ्यांचं पाणी उतरवणारे पाइप. वायरमन आणि प्लंबर या दोघांनाही स्लॅबवर चढवून, नकाशा हातात देऊन, स्वतःच्या तोंडाने ‘माझं सगळं आलं’ असं म्हणायला लावा आणि सही घ्या.

आणि माटोळी. चवथीला गणपतीसमोर जी लाकडी चौकट टांगतो, तिला नारळ, केळीचे घड, सुपारीच्या शिपट्या, भोपळे, तोरिंगणं बांधून झाली की वजन चांगलंच होतं. त्यासाठी स्लॅबमध्ये सळीला अडकवलेले हूक हवेत. मुंबई-बेंगळुरूच्या आर्किटेक्टला हे ठाऊक नसतं. इथल्या कंत्राटदाराला ठाऊक असतं, पण नकाशात असेलच असं धरून तो चालतो. ज्याला माहीत आहे तो बोलत नाही, ज्याला माहीत नाही त्याला विचारायचं सुचत नाही. नंतर फॉल्स सीलिंग झाल्यावर ड्रिल घेऊन भोकं पाडावी लागतात, तीही वजन पेलतील की नाही या शंकेसकट. गणपती कुठे बसणार ते ठरवून हुकांची जागा छताच्या नकाशात मापासकट मांडून घ्या, सळी किती जाडीची ते इंजिनिअरला विचारा, आणि सीलिंगवाल्यालाही तोच नकाशा द्या. तुळशी वृंदावन, राजांगणातलं पाणी कुठे जाणार, भात साठवायची खोली, असं घराघरातलं जे काही असेल त्याची यादी आर्किटेक्टला पहिल्याच महिन्यात द्या.

ओतून झाल्यावर टेकू काढण्याची घाई होते, कारण प्लेट दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ आणि त्याहून लांबच्या २१. हे साध्या सिमेंटचे आणि कमीत कमी आकडे. ज्या सिमेंटला ताकद सावकाश येते त्याला जास्त दिवस लागतात, ते इंजिनिअर सांगेल. काढायची तारीख खडूने टेकूवरच लिहून ठेवा.

आठवी पायरी: पावसाकडून उलटं मोजा

जूनमध्ये पाऊस लागतो, वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि त्याला तुमचा नकाशा उशिरा आला याच्याशी देणंघेणं नाही. मेअखेर छप्पर हवं असेल तर त्यावरून मागे मोजा: कौलं आणि खालचं लाकूड किंवा लोखंड एप्रिलच्या सुरुवातीला साइटवर, त्याची ऑर्डर फेब्रुवारीत, आणि म्हणून छपराचा तपशीलवार नकाशा जानेवारीत. होळीला आणि मे महिन्यात कामगार गावी जातात, तेही धरा. ही उलटी दिनदर्शिका आर्किटेक्ट आणि कंत्राटदार दोघांना समोरासमोर बसवून करा, म्हणजे ‘नकाशा नव्हता’ आणि ‘माणसं नव्हती’ ही दोन्ही उत्तरं आधीच निकालात निघतात.

छपराच्या नकाशात एक गोष्ट मुद्दाम शोधा: दोन उतार जिथे मिळतात तिथला तपशील, मोठ्या मापात. घर गळतं ते बहुधा तिथे. तो तपशील नसेल तर पत्रेवाला त्याच्या पद्धतीने जोडतो आणि पहिल्याच मिरगात परीक्षा होते.

नववी पायरी: बदल आणि पैसे

बदल होणारच. नियम एकच ठेवा: जादा किती आणि दिवस किती, हे वहीत आल्याशिवाय हात लावायचा नाही. ‘मागीर पळोवया’ (नंतर बघू) हे कंत्राटदार प्रेमानेच म्हणतो, आणि नंतर त्यावरूनच बोलणं बंद होतं. काम कमी झालं तर वजावटही त्याच वेळी लिहा.

चालू बिल आर्किटेक्टने किंवा सुपरवायझरने मोजून तपासल्यावरच द्या. पायाची खोली, भरावाची माती, जमिनीखालचे पाइप यांची मापं झाकण्याआधी दोघांनी मिळून घ्यावी. प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून, वायरिंग आणि पाइप दिसतील असा. दहा वर्षांनी गिझर बदलायला आलेला माणूस तुमचे आभार मानेल.

उघड्या चिऱ्याची भिंत, दरजा (चिऱ्यांमधल्या सांधी भरण्याचं काम), प्लास्टरचा पोत, पॉलिश यांचे नमुने आधी करून घ्या, मीटरभर जागेत, आणि पसंत पडलेल्या तुकड्यावर तारीख घालून तो शेवटपर्यंत राहू द्या. फोटो दाखवून ‘असं पाहिजे’ म्हणण्यात अर्थ नाही.

दहावी पायरी: ताबा

ताबा घेताना खोलीवार यादी करा: दार घासतं, टाइल पोकळ वाजते, नळ ठिबकतो. आर्किटेक्ट आणि कंत्राटदार दोघंही त्या फेरीत हवेत, कारण निम्म्या तक्रारींवर ‘हे असंच काढलं होतं’ आणि ‘हे असं करायचं नव्हतं’ यातला निकाल लागायचा असतो. प्रत्यक्ष जसं बांधलं तसे नकाशे आर्किटेक्टकडून घ्या, विशेषतः पाइप आणि वायरिंगचे.

करारात बिलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास रक्कम राखून ठेवतात आणि वर्षाने देतात. तारखेपेक्षा ती पावसाला बांधा, म्हणजे घराने पूर्ण एक पावसाळा काढल्यावर. जुलैत दोन-तीन दिवस झोड लागली की दोघांना बोलवा, वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या, स्लॅब आणि चिऱ्याची सांध, उतारांचे जोड आणि बाथरूमच्या मागच्या भिंती बघा, ओल दिसेल तिथे खडूने कड आखून तारीख घाला. कड ओलांडून ओल पुढे गेली तर पाणी अजून येतंय. ते कुठून येतंय आणि कोण बंद करणार, हे त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहा आणि तिघांनी सह्या करा.